सिगारच्या खोक्यांतली प्रयोगशाळा

आज घरी गेलात की खिडकीच्या कोपऱ्याकडे जरा नीट बघा. तिथून एखादी भेग तिरकी वर चढत गेलीय का? दार चौकटीत अडकतंय का? फरशीवर ठेवलेली गोटी आपोआप एकाच भिंतीकडे घरंगळतेय का? भेगांची कारणं बरीच असतात, सगळीच गंभीर नसतात. पण एक कारण पायाखाली, डोळ्यांआड असतं. इमारत खाली बसत असते आणि तिचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा जास्त बसत असतो.

तुम्ही सिव्हिलला असाल तर कार्ल टर्झागी हे नाव तुम्हाला माहीत आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या एका समीकरणामागचं नाव म्हणून. इतरांनी ऐकलंही नसेल. मऊ चिखलावरची इमारत किती खचेल आणि किती वर्षांत, याचं उत्तर गणिताने देता येतं हे या माणसाने दाखवलं. आणि त्या उत्तरावर डोळे मिटून विसंबू नका, हेही त्यानेच आयुष्यभर सांगितलं.

टर्झागींचा जन्म २ ऑक्टोबर १८८३ चा, प्रागमधला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी, त्यामुळे मुलगाही लष्करी शाळेत. पुढे ग्राझला मेकॅनिकल इंजिनीअरिंग. कॉलेजात स्वारी इतकी दंगेखोर होती की एकदा काढून टाकायचीच वेळ आली होती. १९०४ मध्ये पदवी मिळाली, पण मन यंत्रांपेक्षा खडकात आणि मातीत रमायचं. सैन्यातल्या सक्तीच्या नोकरीच्या काळात या गड्याने भूगर्भशास्त्राचं एक इंग्रजी पुस्तक जर्मनमध्ये आणलं.

मग क्रोएशिया, रशिया अशी बांधकामांवरची कामं झाली. तिथे एक गोष्ट त्यांना खुपत राहिली. पूल, छत आणि लोखंडी सांगाडा यांचं गणित चोख, पण ज्यावर हे सगळं उभं करायचं त्या मातीबद्दल मात्र सगळा अंदाजपंचे कारभार. १९१२ मध्ये ते अमेरिकेला गेले. मोठमोठ्या धरणांची कामं बघायची, कोणत्या जमिनीवर काय घडलं याच्या नोंदी जमवायच्या आणि त्यातून नियम काढायचे, असा बेत होता. जवळपास दोन वर्षं फिरून ते रिकाम्या हाताने परतले. ‘चिकणमाती’ या एकाच नावाखाली इतक्या वेगवेगळ्या माती मोडत होत्या की नावावरून काहीच कळत नव्हतं. माती मोजायला हवी होती, आणि ती कशी मोजायची हे कोणालाच माहीत नव्हतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं. १९१६ मध्ये त्यांची इस्तंबूलच्या इंजिनीअरिंग कॉलेजात प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. युद्ध हरल्यावर ती नोकरी गेली, तेव्हा बॉस्फरसच्या काठावरच्या रॉबर्ट कॉलेजने त्यांना शिकवायला घेतलं. पस्तिशीतला, हरलेल्या देशाचा माणूस. हाताशी ना पैसा, ना उपकरणं. सिगारची रिकामी खोकी आणि भंगारात सापडलेले तुकडे यांतून त्यांनी मातीची प्रयोगशाळा उभी केली. (लॅबमधलं यंत्र बंद आहे म्हणून प्रॅक्टिकल टाळणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.)

प्रयोग साधा होता. ओल्या चिकणमातीची एक चकती कड्यात बसवायची, वर वजन ठेवायचं आणि ती किती दबते ते तासन् तास बघत राहायचं. यात काय दिसलं ते समजायला श्रीखंडासाठी बांधलेलं दही आठवा. फडक्यात बांधलेल्या दह्यावर वजन ठेवलं तरी लगेच चक्का होत नाही. आधी सगळा भार आतल्या पाण्यावर येतो. पाणी हळूहळू झिरपून बाहेर जातं, तसतसा भार घट्ट भागावर येतो आणि गोळा आकसतो. चिकणमातीचंही तसंच. फक्त तिची छिद्रं इतकी बारीक की पाणी निघायला महिने नाही, वर्षं लागतात. १९२३ मध्ये टर्झागींनी याचं समीकरण मांडलं आणि १९२५ मध्ये मातीच्या यांत्रिकीवरचं त्यांचं जर्मन पुस्तक व्हिएन्नात निघालं.

त्या समीकरणातून निघणारी एक गोष्ट मला सगळ्यात भीतीदायक वाटते. चिखलाचा थर दुप्पट जाड असेल तर तो खचायला दुप्पट नाही, चौपट वेळ लागतो. आता अशी एक इमारत धरा, जिच्या एका टोकाखाली तीन मीटर मऊ थर आहे आणि दुसऱ्या टोकाखाली सहा मीटर. माती तीच, भारही तोच. सुरुवातीच्या काळात दोन्ही टोकं जवळजवळ सारखीच खाली जातात. सगळे खूश, बिल्डर मोकळा. मग पातळ थराचं पाणी निघून संपतं आणि ते टोक थांबतं. जाड थरावरचं टोक मात्र जातच राहतं. म्हणजे इमारत वाकडी व्हायला लागते तीच मुळी काही वर्षांनी, लोक राहायला आल्यावर.

थर सगळीकडे सारखा असला तरी सुटका नाही. शेजारशेजारच्या फूटिंगचे भार खोलवर एकमेकांत मिसळतात, त्यामुळे मधला भाग कडेपेक्षा जास्त दबतो आणि इमारतीखाली बशीसारखा खोलगा होतो. म्हणून एकाच ठिकाणी बोअर मारून भागत नाही. प्लॉटच्या चारी बाजूंना आणि मध्ये खाली थर किती जाड, किती मऊ, हे बघावं लागतं. नमुना न विस्कटता वर काढावा लागतो.

आणि किती खचलं यापेक्षा किती असमान खचलं हे महत्त्वाचं. मेक्सिको सिटीतला बेयास आर्तेस राजवाडा काही मीटर खाली गेलाय, तरी आजही तिथे कार्यक्रम होतात. उलट १९५६ मध्ये स्केम्प्टन आणि मॅकडोनाल्ड या दोघांनी ९८ इमारती तपासल्या, तेव्हा दिसलं की शेजारच्या दोन खांबांतल्या खचण्याचा फरक त्यांच्यातल्या अंतराच्या तीनशेव्या भागाइतका झाला की भिंतींना तडे जाऊ लागतात. सहा मीटर अंतराला फक्त दोन सेंटीमीटर!

१९२५ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने टर्झागींना बोलावलं. गंमत म्हणजे चार्ल्स नदीकाठच्या भरावावर, खाली निळसर मऊ चिकणमाती असलेल्या जागेवर उभ्या एमआयटीच्या स्वतःच्या इमारतीही खचत होत्या. १९२९ मध्ये ते व्हिएन्नाला परतले. १९३४ मध्ये त्यांनी पिसाच्या मनोऱ्यावर लेख लिहून त्या तिरकेपणाचं कारण खालच्या चिकणमातीत शोधलं.

इथवर ही यशाची गोष्ट आहे. पण व्हिएन्नात त्याच विद्यापीठात पॉल फिलुंगर नावाचे यांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांना टर्झागींचं गणित कच्चं वाटायचं. १९३६ मध्ये टर्झागी आणि फ्रॉलिश यांचं चिकणमातीच्या थरांच्या खचण्यावरचं पुस्तक आलं आणि फिलुंगरनी एक जहरी पुस्तिकाच छापली. त्यात टीका गणितापाशी न थांबता माणसाच्या प्रामाणिकपणावर घसरली. चौकशी समिती बसली. कौल टर्झागींच्या बाजूने जाणार हे दिसू लागलं आणि मार्च १९३७ मध्ये फिलुंगर आणि त्यांच्या पत्नीने आपलं आयुष्य संपवलं. फिलुंगरांची पाणी आणि माती यांची वेगवेगळी समीकरणं मांडण्याची पद्धत काळाच्या पुढे होती, हे पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी मान्य केलं. म्हणजे दोघांकडेही काहीतरी खरं होतं. एका टेबलावर बसून ते बोलले असते तर, असं वाटत राहतं.

१९३८ मध्ये टर्झागी कायमचे अमेरिकेला गेले, हार्वर्डमध्ये शिकवू लागले. शिकागोच्या भुयारी रेल्वेसाठी मऊ चिकणमातीत खोदकाम सुरू झालं, तेव्हा त्यांनी तिथे मोजमापांचा सपाटा लावला. आधी हिशेब करायचा, मग काम चालू असताना लेव्हल लावून रोज खरं काय होतंय ते बघायचं आणि दोन्ही जुळलं नाही तर हिशेब बदलायचा, हा त्यांचा खाक्या. आपल्याकडे नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या मऊ गाळावर बांधताना इंजिनीअर आधीच वजन टाकून जमीन दाबून घेतात आणि महिनोन् महिने तिचं खचणं मोजत बसतात, ते याच वाटेने.

म्हातारपणी त्यांच्याकडे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाचं मिशन धरण आलं. खाली जाड, दबणारी चिकणमाती. धरण खचणार, तेही असमान, हे नक्की होतं. ते थांबवायच्या भानगडीत न पडता त्यांनी धरण वाकू शकेल असंच आखलं आणि पाणी अडवायला प्लास्टिकचा पडदाही वापरला. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी ते गेले. या धरणावरचा त्यांचा लेख पुढच्या वर्षी छापून आला आणि १९६५ मध्ये धरणाला त्यांचंच नाव देण्यात आलं.