नोकरी सांभाळून नाटक : प्रा. भालबा केळकर

(बी. ए. द्वितीय वर्ष)

युवक महोत्सवाच्या एकांकिकेत मला काम मिळाले. साखऱ्याला घरी हे सांगितले तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले की, नाटकाने पोट भरते काय? माझ्याजवळ उत्तर नव्हते. कॉलेजच्या ग्रंथालयात ते शोधताना भालबा केळकर भेटले. शाळेत असताना शेरलॉक होम्सच्या ज्या चातुर्यकथा मी मराठीत वाचल्या, त्या आणणारे भालबा हेच, हे तेव्हा कळले.

भालचंद्र वामन केळकर यांचा जन्म १९२० सालचा. पुण्याच्या वाडिया कॉलेजात ते विज्ञान शिकवीत. पोट त्या नोकरीवर होते, जीव मात्र नाटकात. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच डॉ. श्रीराम लागू आदी मित्रांसह त्यांनी 'प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन' म्हणजे पी.डी.ए. ही हौशी संस्था उभी केली. वसंत कानेटकरांचे पहिले नाटक 'वेड्याचं घर उन्हात' १९५७ साली याच संस्थेने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन भालबांचे आणि प्रमुख भूमिका लागूंची. दिवसा रोगी तपासणारा डॉक्टर संध्याकाळी तालमीला उभा राही!

त्या काळी पुणे विद्यापीठात नाटकाचा विभाग नव्हता. ती उणीव पी.डी.ए.ने भरून काढली, असे मला वाटते. भालबा कॉलेजांची नाटके पाहत आणि चांगला मुलगा दिसला की संस्थेत बोलावीत. सतीश आळेकरांना त्यांनी असेच कॉलेजच्या नाटकातून उचलले. जब्बार पटेल, मोहन आगाशे हे वैद्यकीय कॉलेजातले तरुणही तेथेच रुळले.

पण शिकवलेली मुले कायम आपल्या मागून चालतील, असे थोडेच असते? १६ डिसेंबर १९७२ रोजी पी.डी.ए.तर्फे जब्बार पटेलांनी तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' सादर केले. नाना फडणविसांच्या चित्रणावरून वाद पेटला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवले. संस्थेची धुरा भालबांकडे होती. तरुण मंडळी बाहेर पडली आणि मार्च १९७३ मध्ये त्यांनी 'थिएटर अकॅडमी' काढली. पुढे 'घाशीराम' परदेशातही गाजले.

येथे माझे मन भालबांच्या बाजूने जात नाही. नाटक थांबवायला नको होते. तरीही वीस वर्षे जपलेली संस्था वादात सापडलेली पाहणे त्यांना सोपे गेले नसणार. आणि बाहेर पडलेले बहुतेकजण त्यांच्याच तालमीत वाढले होते, हेही विसरता येत नाही.

भालबा १९८७ साली वारले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र सुरू झाले. १९९६ पासून २००९ पर्यंत त्याचे प्रमुख होते सतीश आळेकर, म्हणजे भालबांनी कॉलेजच्या नाटकात हेरलेला तोच मुलगा.

येत्या सुट्टीत वडिलांना हे सारे सांगणार आहे. नट म्हटले की ते उठून जातात. विज्ञानाच्या प्राध्यापकाची गोष्ट म्हटली तर बहुधा बसून ऐकतील.