हवेचा हिशेबनीस : विलिस कॅरियर

बेळगावच्या बँकांत, सराफी पेढ्यांत आणि अलीकडे आमच्या शहापुरातील काही घरांतही भिंतीवर एक पांढरी लांबट पेटी दिसते. तिची जोडीदार पेटी बाहेरच्या भिंतीला टांगलेली असते व दोहोंमध्ये तांब्याच्या दोन नळ्या असतात. यांपैकी काही यंत्रांवर ‘कॅरियर’ असे नाव असते. सायकलच्या कॅरियरमुळे म्हणा, आपल्याला ते एखाद्या वस्तूचे नाव वाटते. ते एका माणसाचे आडनाव आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने एका इंजिनियरचे चरित्र का लिहावे, असे कुणी विचारील. या गृहस्थांनी जन्मभर हिशेबच केला. फक्त तो पैशांचा नसून हवेतल्या पाण्याचा होता, एवढेच त्यावर माझे उत्तर आहे. शिवाय त्यांच्या चरित्रात सुताचा आणि मागाचा जो भाग येतो, तो शहापूरच्या माणसाला अगदी घरचा वाटावा असा आहे.

विलिस हॅविलँड कॅरियर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८७६ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, अँगोला गावाजवळच्या एका शेतावर झाला. आईबापांचे हे एकुलते एक मूल. आई मोठी हुन्नरी होती. घड्याळे, शिवणयंत्रे ती स्वतः दुरुस्त करी. विलिसला शाळेत अपूर्णांक कळेनात, तेव्हा तिने तळघरातून सफरचंदे आणायला लावली आणि अर्धे, पाव, अष्टमांश असे तुकडे कापून त्याला गणित समजावले. विलिस अकरा वर्षांचा असताना ती वारली. पुढे १८९३ साली अमेरिकेत मोठी मंदी आली, शेतीचे हाल झाले आणि त्याचे कॉलेज लांबले. त्याने काही काळ शाळेत मास्तरकी केली. मग शिष्यवृत्ती मिळवून तो कॉर्नेल विद्यापीठात गेला. शिष्यवृत्तीवर सगळे भागत नव्हते. लोकांच्या बागांतले गवत कापणे, भट्ट्या पेटवणे, खाणावळीत वाढणे ही कामे त्याने केली, आणि एका मित्राबरोबर विद्यार्थ्यांची सहकारी धोबीसेवाही काढली! आमच्या ‘सहकार’ विषयाच्या पुस्तकात हे उदाहरण घालायला हरकत नाही.

१९०१ साली पदवी घेऊन कॅरियर बफेलो शहरातल्या ‘बफेलो फोर्ज’ कंपनीत आठवड्याला १० डॉलरवर लागले. ही कंपनी मोठे पंखे आणि हवा तापवायची यंत्रे बनवीत असे. कोणत्या कारखान्याला केवढे यंत्र लागेल हे तिथे अंदाजाने ठरे, आणि नुकसान नको म्हणून अंदाज मोठाच धरला जाई. कॅरियरनी प्रयोग करून तक्ते तयार केले. त्या तक्त्यांनी एका हंगामात कंपनीचे ४० हजार डॉलर वाचले, आणि १० डॉलरच्या या नोकराला प्रयोगशाळा मिळाली.

१९०२ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनमधील सॅकेट अँड विल्हेम्स या छापखान्याची तक्रार आली. रंगीत चित्र छापताना एकच कागद प्रत्येक रंगासाठी पुन्हा यंत्रातून जातो. दमट हवेत कागद फुगतो, कोरड्या हवेत आकसतो; मग निळा रंग तांबड्याच्या जागी बसत नाही. पावसाळ्यात बेळगावच्या एखाद्या छापखान्यात जाऊन पाहा, हीच कटकट ऐकायला मिळेल. २५ वर्षांच्या कॅरियरना खोली गार करायची नव्हती. खोलीतला दमटपणा वर्षभर ५५ टक्क्यांवर ठेवायचा होता. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तो हवेतल्या पाण्याचा. तेव्हा थंड नळ्यांवरून हवा नेली, तर ती आपले पाणी टाकून कोरडी होईल, असा त्यांचा विचार. १७ जुलै १९०२ ही तारीख असलेले त्यांचे आराखडे हा आधुनिक वातानुकूलनाचा आरंभ मानला जातो. खोली गार झाली ती ओघाने, आणि त्या वेळी तिचे कुणाला फारसे कौतुकही नव्हते.

त्याच वर्षाच्या शेवटी पिट्सबर्गच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहत असताना दाट धुके पडले होते. धुक्यातली हवा पाण्याने पूर्ण भरलेली असूनही थंड असल्यामुळे तिच्यात एकूण पाणी थोडेच असते, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणजे पुरेसे थंड पाणी फवारून हवा कोरडी करता येईल! पाण्याने हवा सुकवायची ही उलटी वाटणारी कल्पना २ जानेवारी १९०६ रोजी त्यांच्या नावे पेटंट झाली.

आता सुताकडे येऊ. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द कॅरियर यांचा नव्हे. तो १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर नावाच्या, कापड गिरण्यांत काम करणाऱ्या इंजिनियरने काढला. सुताला योग्य तेवढा ओलावा देणे यास गिरणीत ‘कंडिशनिंग’ म्हणत; तोच शब्द त्याने हवेला लावला. ज्याला आपण आज चैनीचा शब्द समजतो, तो विणकऱ्यांच्या धंद्यातून आलेला आहे. त्याच साली कॅरियर यांनी नॉर्थ कॅरोलिनातील बेलमाँट येथे क्रॉनिकल मिलमध्ये आपले यंत्र बसवले. तिथे हजारो चात्यांच्या घर्षणाने निघणारी उष्णता त्यांना हिशेबात धरावी लागली. १९०७ साली जपानातील योकोहामा येथे फुजी कंपनीच्या रेशीम गिरणीसाठीही त्यांचे यंत्र गेले.

हे वाचताना मला आमच्या घराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. आमच्या आजोबांचा खड्डामाग होता. (माग म्हणा की कन्नडातला मग्ग म्हणा, शब्द जवळजवळ एकच.) फाल्गुन-चैत्रात कोरडे वारे सुटले की ताणा पटापट तुटे. मग आजी जमिनीवर पाणी शिंपडी, मागाखाली ओले पोते अंथरी, खिडक्या लावून घेई. मजुरी लुगड्यावर मिळे. तुटलेले धागे सांधण्यात गेलेल्या वेळेला मजुरी नाही. म्हणजे हवा कोरडी झाली की आमच्या घरचे उत्पन्न कमी होई, आणि हा तोटा कोणत्याच वहीत लिहिलेला नसे. कॅरियर यांनी हाच तोटा गिरणीमालकांना आकड्यांत दाखवून दिला. आमच्या आजीची युक्ती तीच होती; तिच्याजवळ तक्ता नव्हता.

पण एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. गिरणीतली हवा धाग्यासाठी होती, मजुरासाठी नव्हती. इंग्लंडात लँकेशायरकडे तर धागा तुटू नये म्हणून विणकामाच्या शेडमध्ये वाफ सोडीत. त्या ओलाव्याने कामगार बेजार होत, म्हणून १८८९ साली कायदा करून तिला मर्यादा घालावी लागली. तंबाखूच्या कारखान्यांतही कॅरियर यांची यंत्रे बसली, आणि तिथे हवेतला धुरळा कमी झाला, कामगारांना श्वास घेता आला. निपाणीच्या वखारींतल्या बायांना हे सुख मिळाले नाही. त्यांनी संघटना बांधून जो लढा दिला, त्यावर ‘युगांतर’ या महिलांच्या गटाने १९८२ साली माहितीपट काढला. यंत्राचा शोध लागणे आणि ते कोणासाठी बसवायचे हे ठरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅरियर यांना मी दोष देत नाही. गिऱ्हाईक मागेल ते ते देत होते.

डिसेंबर १९११ मध्ये त्यांनी अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे आपला निबंध वाचला. हवेचे तापमान, तिच्यातले पाणी आणि दवबिंदू यांचा परस्परसंबंध त्यांनी सूत्रांत आणि आलेखात बसवला. इंजिनियरिंगची मुले तसला तक्ता अजून वापरतात.

यानंतरचा भाग वाणिज्याच्या मुलांनी नीट वाचावा. १९१४ साली युरोपात युद्ध पेटले आणि बफेलो फोर्जने फक्त माल बनवण्यावर भर द्यायचे ठरवून हा विभाग आवरता घेतला. कॅरियर, त्यांचे विक्रेते मित्र अर्विन लाइल आणि आणखी पाच इंजिनियर अशा सातजणांनी ३२,६०० डॉलर गोळा करून २६ जून १९१५ रोजी स्वतःची कंपनी काढली. त्यांच्याकडे कारखाना नव्हता. यंत्रे दुसऱ्यांकडून घ्यायची आणि गिऱ्हाइकाला हवेची हमी द्यायची: अमुक तापमान, तमुक दमटपणा. पाच वर्षे आधीच, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनाही बेळगावातील जागा सोडावी लागली होती आणि औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली होती. हातचे गेल्यावर दुसरीकडे मांडणारी माणसे त्या काळात दोन्हीकडे होती. (पुढे १९५८ मध्ये निघालेल्या किर्लोस्कर न्यूमॅटिकने हवा आणि शीतकरणाचे कॉम्प्रेसर बनवले, हा निव्वळ योगायोग.)

कॅरियर यांच्या हिशेबी स्वभावाची एक गोष्ट डेल कार्नेगी यांनी चिंतेवरील आपल्या १९४८ सालच्या पुस्तकात दिली आहे. बफेलो फोर्जमध्ये असताना त्यांनी एका काच कारखान्यात वायू शुद्ध करणारे यंत्र बसवले, पण ते कराराप्रमाणे चालेना. कॅरियरना झोप येईना. शेवटी त्यांनी स्वतःला विचारले की वाईटात वाईट काय होईल? कंपनीचे २० हजार डॉलर बुडतील. ते बुडाले असे मनाने आधीच धरून ते शांतपणे कामाला बसले, ५ हजारांची जादा यंत्रणा बसवली आणि तोट्याऐवजी १५ हजारांचा फायदा झाला. बुडीत कर्जासाठी तरतूद करतात ना, तसलाच हा प्रकार. फक्त खतावणी मनातली.

गिरणीतून यंत्र माणसांकडे आले ते १९२० नंतर. तोपर्यंत अमोनियावर चालणारी यंत्रे मोठी आणि धोकादायक असत. ती गर्दीच्या ठिकाणी कोण ठेवणार? १९२२ साली कॅरियर यांनी नवे सेंट्रिफ्यूगल यंत्र जाहीर केले. १९२४ मध्ये डेट्रॉइटच्या हडसन या मोठ्या दुकानात ते बसले. १९२५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात त्याची खरी परीक्षा झाली. प्रेक्षक सवयीप्रमाणे हातपंखे घेऊन आले होते. यंत्र सुरू व्हायला उशीर झाला. दोन हजार पंखे हलत होते आणि कॅरियर व त्यांचे सोबती मागे उभे राहून घाम पुसत होते. हळूहळू एकेक पंखा थांबला. पॅरामाउंटचे अ‍ॅडॉल्फ झुकोर स्वतः सज्जात बसले होते; लोकांना हे आवडणार, असा निर्वाळा त्यांनी दिला. आपल्याकडे मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल हे गार हवेचे थिएटर म्हणूनच गाजले.

घर मात्र कॅरियर यांना शेवटपर्यंत पुरतेसे साधले नाही, असे माझे मत आहे. १९१४ मध्ये मिनिआपोलिस येथे चार्ल्स गेट्स या धनिकाच्या वाड्यात त्यांचे यंत्र बसले, ते २० फूट लांब होते! मालक तर १९१३ मध्येच वारला होता. १९२८ मध्ये घरांसाठी ‘वेदरमेकर’ काढले, तोच १९२९ चा शेअरबाजाराचा गडगडाट झाला. १९३० साली इतर दोन कंपन्यांत मिळून कॅरियर कॉर्पोरेशन झाली व १९३७ मध्ये ती सिराक्यूजला गेली. अडचण केवळ पैशांची नव्हती. मोठ्या यंत्रात हवा गार करून ती पत्र्याच्या बोगद्यांतून खोलीखोलीत न्यायची, ही पद्धत गिरणीला ठीक. लहान घरात बोगदे कुठून काढणार?

त्यावर उपाय पुढे जपानात निघाला, तिथली घरे लहान म्हणून. यंत्राचे दोन तुकडे करून एक आत व एक बाहेर ठेवायचा, आणि बोगद्यातून हवा नेण्याऐवजी बारीक नळीतून शीतकारक द्रव्य खेळवायचे. ते आत वाफ होताना खोलीतली उष्णता उचलते. बाहेर कॉम्प्रेसर त्याला दाबतो आणि ते उष्णता टाकून पुन्हा द्रव होते. विहिरीचा पंप पाणी वर चढवतो, तसा हा उष्णतेचा पंप. एक झडप फिरवली की तोच थंडीत बाहेरची उष्णता आत आणतो. थंड हवेतही उष्णता असतेच. साध्या हीटरला एक युनिट वीज दिली तर एक युनिट उष्णता मिळते. या पंपाला तेवढीच दिली तर सर्वसाधारण तीन मिळतात, कारण दोन बाहेरून उचललेली असतात. ग्लासगोचे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती. १९३८ साली झुरिकच्या नगरभवनाला लिमात नदीच्या पाण्यातली उष्णता काढून ऊब देण्यात आली. आपल्या बाजारात अशा यंत्राला ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणतात. बेळगाव अडीच हजार फुटांवर असल्याने ऊब लागते ती पहाटेपुरती, आणि एक पांघरूण पुरते. पण पावसाळ्यात भिंतींना ओल येते तेव्हा हवा सुकवण्याचा कॅरियर यांचा मूळ गुण इथे उपयोगी पडतो.

बाहेरची पेटी मात्र आपली गरम हवा गल्लीत सोडते. आमच्या बोळात समोरासमोरच्या घरांत सात-आठ फुटांचे अंतर. ज्याच्याकडे यंत्र नाही त्याच्या खिडकीत ती हवा जाते. हा खर्च वीजबिलात येत नाही, आणि आजीच्या तुटलेल्या धाग्यांप्रमाणे तोही कुठे लिहिला जात नाही.

दुसऱ्या महायुद्धात कॅरियर यांनी क्लीव्हलँड येथे विमानांची इंजिने उंचावरच्या गोठवणाऱ्या हवेत तपासण्यासाठी प्रचंड बोगद्याच्या शीतकरणाचे काम केले. ७ ऑक्टोबर १९५० रोजी न्यूयॉर्क येथे ते वारले. घराघरांत वातानुकूलन पोचले ते त्यानंतर. त्यांच्या कंपनीने १९९९ मध्ये जपानच्या तोशिबाशी भागीदारी केली, आणि २०२४ च्या जानेवारीत जर्मनीच्या फिसमान कुटुंबाचा उष्णता-पंपांचा धंदा विकत घेतला, त्याची किंमत सुमारे १२ अब्ज युरो. सातजणांचे मूळ भांडवल वर दिलेच आहे.