महदाइसा : सन्निधान आणि असन्निधान

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या परिवारातील स्त्रियांची नावे लीळाचरित्रात ठायी ठायी येतात. बाइसा, आउसा, आबाइसा, उमाइसा, साधा या सर्वांनी सन्निधानाचे सुख अनुभवले. त्यांपैकी महदाइसांना वाङ्मयाच्या इतिहासकारांनी आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरविले. हा गौरव यथार्थ आहे. परंतु तेवढ्यावरच थांबले असता एक विचार मागे राहतो. धवळे रचणाऱ्या या बाई कोणत्या दुःखातून परमेश्वराकडे आल्या आणि त्या दुःखाचे पुढे काय झाले, हे पाहिल्यावाचून त्यांचे चरित्र कळले असे म्हणता येत नाही.

महदाइसांचा जन्म रामसगाव येथील एका विद्यासंपन्न ब्राह्मणकुळात झाला. पित्याचे नाव वायनायक. आचार्य श्रीनागदेव नात्याने त्यांचे बंधू. लहानपणीच विवाह आणि लहानपणीच वैधव्य, अशी त्यांची गती झाली. तेराव्या शतकातील ब्राह्मणघरच्या बालविधवेच्या वाट्याला काय येत असे, हे निराळे सांगावयास नको. देवगिरीच्या यादवांचा तो वैभवकाळ. महादेवराय आणि रामदेवराय यांच्या राज्यात हेमाद्रीसारखा विद्वान मंत्री चतुर्वर्गचिंतामणीची रचना करीत होता. त्या ग्रंथाच्या व्रतखंडात तिथीतिथीची व्रते, दाने आणि उद्यापने सविस्तर सांगितली आहेत. अशा काळात दुःखी स्त्रीला समाज एकच उत्तर देत असे. आणखी एक उपवास कर, आणखी एका देवतेस नवस बोल, आणखी एका तीर्थास जा. आपले दुःख हे आपल्याच कर्माचे पाप, असे तिच्या मनावर बिंबविले जाई आणि त्या पापाच्या निष्कृतीतच तिचे आयुष्य सरून जाई. तिला कोणी काही विचारीत नसे. तिने काही विचारावे असेही कोणास वाटत नसे.

महदाइसांची वृत्ती मुळातच धर्माकडे वळलेली होती. प्रथम त्या रामदेव म्हणजे दादोस यांच्या शिष्या झाल्या. दादोसांच्या द्वारेच त्यांना सर्वज्ञांची भेटी झाली. पुढे दादोसांचे एकेक शिष्य स्वामींकडे ओढले जाऊ लागले आणि दादोसांना ते मानवले नाही. महदाइसांपुढे हा प्रसंग सोपा नव्हता. निराधार स्त्रीने एक आश्रय धरला की तो सोडणे म्हणजे पुन्हा उघड्यावर येणे असते. तरीही त्यांनी स्वामींची कास धरली, कारण तेथे त्यांना आश्रयापेक्षा अधिक असे काही लाभले. तेथे त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळत होते.

लीळाचरित्र वाचणाऱ्यास हे पदोपदी जाणवते. महदाइसा पुसतात आणि सर्वज्ञ निरूपण करतात. स्थानाविषयी, अवतारांविषयी, द्वारावतीकार श्रीचांगदेव राउळांविषयी, श्रीप्रभूंविषयी, आचारातील बारीकसारीक गोष्टींविषयी त्यांचे पुसणे कधी संपले नाही. स्वामींनी त्यांना जिज्ञासू आणि चर्चक म्हणून नावाजले आहे. या बाई सदा काही ना काही विचारीतच असतात, असे ते कौतुकाने म्हणत. शास्त्रश्रवणाचाही अधिकार जिला नाही असे मानले जाई, तिच्या शंकेसाठी प्रत्यक्ष परमेश्वराने थांबावे, याचा अर्थ त्या काळच्या स्त्रीला किती मोठा वाटला असेल!

हे केवळ स्वभावातील औदार्य नव्हते; त्याच्या मुळाशी सिद्धांत होता. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार पदार्थे भिन्न आहेत. त्यांतील जीव हा जीवच. त्याला स्त्रीपण अथवा पुरुषपण देहामुळे येते. पुरुषांचे ते जीव आणि बायकांच्या त्या काही हलक्या जीवल्या आहेत काय, अशा आशयाचा प्रश्न स्वामींनी केला आहे. रजस्वलेच्या विटाळासंबंधीही त्यांचे निरूपण याच मार्गाचे आहे. देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ स्रवतात तसाच हाही एक देहधर्म होय. त्यात जीवाचा दोष नाही. आपल्या देहाचीच लाज बाळगून जगणाऱ्या स्त्रीच्या मनावरचे ओझे या एका वचनाने उतरावे, एवढे बळ त्यात आहे. आजही कित्येक वासनिक घरांत हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो, हे मात्र खेदाचे आहे.

इ.स. १२७४ च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. ज्यांनी सर्व सोडून सन्निधान हेच घर मानले होते त्यांच्यावर असन्निधानाचे दुःख कोसळले. पहिल्या वैधव्यापेक्षा हे दुःख महदाइसांना थोडे नव्हते. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे नागदेवाचार्यांसह परिवार ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिला. तेथील क्रम अगदी निराळा होता. सर्वज्ञ निरूपण करीत, तर श्रीप्रभूंची क्रीडा बालकासारखी आणि वेड्यासारखी. प्रश्न केला तर उत्तर येईलच असे नाही. आले तरी ते शास्त्राच्या भाषेत नसे. मग चर्चक महदाइसांनी काय करावे? त्यांनी रांधावे, वाढावे, झाडावे. श्रीप्रभूंनी धिरडे मागावे, महदाइसांनी ते करून वाढावे, आणि हे ते नव्हेच म्हणून श्रीप्रभूंनी लहान मुलासारखा हट्ट धरावा. मग पुन्हा निराळ्या रीतीने करावे. या लीळेकडे विनोद म्हणून पाहणारे पुष्कळ आहेत. परंतु जिच्या हाताला घरसंसार लाभला नाही, तिच्या हातचे अन्न परमेश्वराने हट्टाने मागून घ्यावे, ही कृपा दुःख जाणणाऱ्यालाच उमगेल.

याच ऋद्धिपुरात श्रीप्रभूंना विवाहाची प्रवृत्ती झाली. भक्तजनांनी लग्नाची सिद्धता केली. त्या प्रसंगी महदाइसांनी धवळे गाइले. धवळे म्हणजे वराला उद्देशून बायकांनी म्हणावयाची मंगलगीते. लोकाचार असा की लग्नघरी विधवेने पुढे येऊ नये, हळदीला हात लावू नये, वराच्या दृष्टीस पडू नये. सुवासिनींनी गावयाचे गीत येथे एका बालविधवेने, तेही रचून, परमेश्वरापुढे गाइले. आणि श्रीप्रभूंनी ते आवडीने ऐकले. लोकाचाराविरुद्ध कोणी वाद मांडला नाही, कोणता निबंध लिहिला नाही. तो आचार तेथे निमूटपणे गळून पडला. धवळ्यांसाठी महदाइसांनी घेतलेली कथाही पाहण्यासारखी आहे. रुक्मिणीचे लग्न तिच्या मनाविरुद्ध शिशुपालाशी ठरविले जाते. घरात बंधूच प्रतिकूल. अशा कोंडीत सापडलेली ती कन्या श्रीकृष्णास निरोप धाडते आणि ते तिच्यासाठी धावून येतात. संकटात सापडलेल्या स्त्रीने अन्य देवतांच्या मागे न लागता नेमक्या ठिकाणी हाक घालावी, एवढेच त्या कथेचे बीज आहे. ते महदाइसांना दुरून शोधावे लागले नसणार.

इ.स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देह ठेविला. पुन्हा असन्निधान. आता परिवाराचा भार आचार्य नागदेवांवर आला. या अवस्थेत स्त्रियांना घराकडे परत पाठविण्यात आले नाही, हे विशेष होय. अटन, विजन, भिक्षा आणि स्मरण हा आचार पुरुषांप्रमाणे त्यांनाही होता. हा आचार सुखाचा नाही. चारही वर्णांच्या दारी झोळी धरावी, मिळेल ते सेवावे, थंडीवाऱ्यात झाडाखाली राहावे. त्यात लोकांची कुत्सित बोलणीही आली. धर्माने त्यांचे कष्ट हरण केले असे म्हणणे खरे होणार नाही. कष्ट निराळे झाले, आणि ते स्वतः पत्करलेले होते.

आचार्यांनी या वृद्ध स्त्रियांची चिंता किती वाहिली, याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. केशिराजबासांसारखे पंडित संस्कृतात ग्रंथरचना करू लागले तेव्हा आचार्यांनी त्यांना आवरले. संस्कृत झाले तर आपल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांचे कारण होते. पंथाची भाषा मराठी राहिली त्यामागे महदाइसांसारख्यांची उत्सुक मुद्रा आचार्यांच्या डोळ्यांपुढे असली पाहिजे. म्हाइंभट लीळा संग्रहित करीत हिंडले तेव्हाही या स्त्रियांच्या आठवणी त्यांच्या उपयोगी पडल्या. महदाइसांनी पूर्वी पुसून ठेविले नसते तर कित्येक निरूपणे झालीच नसती. मग लिहिणार काय?

उत्तरवयात महदाइसा स्मृतिस्थळात भेटतात त्या तशाच, आचार्यांना प्रश्न करणाऱ्या, चर्चेस बसणाऱ्या. धवळ्यांचा उत्तरार्ध त्यांनी पुढे पूर्ण केला. मातृकी रुक्मिणीस्वयंवर हीही त्यांचीच रचना. तीत वर्णमालेच्या अक्षरक्रमाने ओव्या गुंफल्या आहेत. गर्भकांडाच्या ओव्याही त्यांच्या नावावर आहेत. मातृकीची ती अक्षरानुक्रमाची रचना बायकांना पाठ करावयास सोयीची पडते, आणि पोथी हाती नसताना पाठच कामास येतो.