फर्डिनांड पोर्शे

पोर्शे म्हटले की मला लाल रंगाची वेगवान गाडीच आठवायची. फर्डिनांड पोर्शे यांचा जन्म १८७५ साली बोहेमियात, एका पत्रेकाम करणाऱ्याच्या घरी झाला. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची विजेची गाडी आली, मोटर थेट चाकातच बसवलेली! पण बॅटऱ्या फार जड. म्हणून त्यांनी पेट्रोल इंजिनाने जनित्र फिरवले आणि त्या विजेवर चाके चालवली. आज हायब्रिड विमानांसाठीही हीच रचना वापरून पाहतात.

पुढे हीच रचना त्यांनी हिटलरच्या सैन्याच्या रणगाड्यात घातली. टायगरसाठी निवड हेन्शेलची झाली, पण पोर्शेंच्या तयार सांगाड्यांपासून बनलेली ‘फर्डिनांड’ वाहने १९४३ मध्ये कुर्स्कला लढली. ते नाझी पक्षाचे सदस्यही होते. १९५१ साली ते वारले. माझ्या वहीत त्यांच्या गाडीची आकृती आहे, फोटो मात्र मी चिकटवलेला नाही.