एका पौंडाची सही

मित्रांनो, प्रॅक्टिकलला एफआरसी केबल उलटी लावून सरांची बोलणी खाल्ली नाहीत, असा इलेक्ट्रॉनिक्सवाला आपल्या होस्टेलवर सापडणं कठीण! लाल पट्टी म्हणजे एक नंबरची पिन, हे तेव्हापासून डोक्यात कायमचं बसतं. आपल्या लाडक्या बर्ग स्ट्रिपच्या पिना एकमेकींपासून बरोबर २.५४ मिलिमीटरवर, म्हणजे इंचाच्या दहाव्या भागावर उभ्या असतात. पण या पिना ज्याच्यावर बसतात तो बोर्डच नसता तर? जुन्या रेडिओत लोखंडी चॅसिसखाली वायरींचा नुसता गुंता असायचा आणि त्यातली एकेक वायर कुणीतरी हाताने सोल्डर केलेली असायची. अशा गुंत्यात चाळीस पिनांचा कनेक्टर एका दमात बसवणार कुठे?

हा गुंता सोडवणारा माणूस म्हणजे पॉल आयस्लर. पीसीबीचा जनक म्हणून त्याचं नाव घेतात. त्याचं आयुष्य मात्र बोर्डासारखं सरळ रेषांचं नव्हतं.

पॉलचा जन्म १९०७ सालचा, व्हिएन्नातल्या एका ज्यू घरातला. तिथल्याच तंत्रविद्यापीठातून १९३० मध्ये तो इंजिनियर झाला. डिग्री हातात, पण नोकरी नाही. ज्यूंविरुद्धचं वातावरण तेव्हाच तापलं होतं. शेवटी थेट बेलग्रेडला एचएमव्ही कंपनीत काम मिळालं. रेल्वेतल्या प्रवाशांना गाणी ऐकू यावीत म्हणून रेडिओची खरखर घालवायची, हे ते काम. पुढे रेल्वेकडचे पैसे संपले आणि ती कंपनीला धान्याच्या रूपात बिल चुकवू लागली! अर्थात ती नोकरी गेली. पॉल व्हिएन्नाला परतला आणि मिळेल ते काम करू लागला. त्यात एक काम छपाईचं होतं. एका रेडिओ नियतकालिकाच्या निमित्ताने तो छापखान्यात रमला, आणि इथेच खरी ठिणगी पडली. पुस्तकाचं पान जर एका दाबात छापता येतं, तर सर्किट का नाही?

१९३६ मध्ये तो इंग्लंडला निघून गेला. लंडनच्या हॅम्पस्टेड भागात एका बोर्डिंग हाऊसमध्ये राहायचा. कामाचा परवाना नाही, पगार नाही. अशा अवस्थेत या पठ्ठ्याने छापील सर्किट वापरून रेडिओ तयार केला. विचार साधाच होता. विद्युतरोधक पत्र्यावर तांब्याचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, हव्या त्या रेघांवर शाईचं संरक्षण छापायचं आणि बाकीचं तांबं रसायनाने खाऊन टाकायचं. आपण मिनी प्रोजेक्टला फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये बोर्ड हलवत बसतो आणि शर्टावर पिवळे डाग पाडून घेतो, तेच हे!

रेडिओ घेऊन तो एका मोठ्या कंपनीकडे गेला. नकार मिळाला. कारण ऐकण्यासारखं आहे. वायरी जोडायचं काम मुली करत होत्या. त्यांचे हात स्वस्त पडतात आणि डिझाइन बदललं तरी त्या कामाला लगेच जुळवून घेतात, असा कंपनीचा हिशोब. मशीन हरलं ते तंत्रात नव्हे, मजुरीच्या दरात!

मग युद्ध सुरू झालं. ज्या नाझींपासून पॉल पळाला होता, त्यांच्याच देशाचा माणूस म्हणून इंग्रजांनी त्याला १९४० मध्ये स्थानबद्ध केलं. १९४१ मध्ये सुटका झाली. काही काळ सैन्याच्या पायोनियर तुकडीत काढल्यावर त्याला लंडनमधल्या कँबरवेलच्या हेंडरसन अँड स्पॉल्डिंग या लिथोग्राफीवाल्यांनी जवळ केलं. त्याच्या कल्पनेसाठी टेक्नोग्राफ नावाची उपकंपनी निघाली. आनंदाच्या भरात पॉलने करारावर सही ठोकली. न वाचता! त्यात लिहिलं होतं की नोकरीत लागलेल्या शोधांचे पेटंट हक्क कंपनीचे, मोबदला नाममात्र एक पौंड. टेक्नोग्राफमध्ये साडेसोळा टक्के वाटा मिळाला, तेवढाच काय तो आधार.

३ फेब्रुवारी १९४३ रोजी पेटंटचा अर्ज गेला. तीन पेटंट मिळाली ती २१ जून १९५० ला, म्हणजे सात वर्षांनी. दरम्यान अमेरिकनांनी विमानविरोधी तोफगोळ्यांच्या प्रॉक्सिमिटी फ्यूजमध्ये छापील सर्किट वापरून दाखवलं, आणि १९४८ पासून तिथे हे तंत्र व्यापारासाठी खुलं झालं. कारखान्यांनी बोर्ड भराभर बनवले, परवाना मात्र फार थोड्यांनी घेतला. १९५७ मध्ये पॉलने टेक्नोग्राफ सोडली. १९६३ मध्ये टेक्नोग्राफ अमेरिकेत बेंडिक्सविरुद्धचा खटलाही हरली. कोर्टाने पेटंट ग्राह्य धरलं नाही. खरं सांगायचं तर अशी कल्पना त्याच्या आधीही कागदावर आली होती. हॅन्सनचं पेटंट १९०३ चं आणि ड्यूकसचं १९२५ चं. पण छापखान्याची युक्ती आणून चालता रेडिओ उभा केला तो पॉलनेच.

पुढेही तो गप्प बसला नाही. गरम होणारा वॉलपेपर काढला, तर उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला आणि त्याची गरजच संपली. १९८९ मध्ये त्याने छापील सर्किटबरोबरच्या आयुष्यावर आत्मचरित्र लिहिलं. १९९२ मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने त्याला नफील्ड रौप्यपदक दिलं. त्याच वर्षी लंडनमध्ये तो गेला.

आता रूमवर गेल्यावर कॉम्प्युटरच्या रॅमची पट्टी काढून बघा. काठावरचे सोनेरी पट्टे दिसतील. ते म्हणजे बोर्डाचंच तांबं, वर सोन्याचा मुलामा. डीडीआर४ च्या पट्टीला असे २८८ संपर्क असतात. वेगळी पिन नाही, एकही वायर नाही. बोर्डाचा काठच कनेक्टर झाला! २८८ वायरी हाताने जोडायच्या म्हटल्या असत्या तर?

जाता जाता एक. कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन येतोय. ऑफर लेटरबरोबर बाँडचे कागद येतील, आणि पार्टीच्या घाईत आपण शेवटच्या पानावर सही करून मोकळे होऊ. मित्रांनो, केबल लावताना लाल पट्टी बघता ना? तसंच सहीआधी कागदही बघा. केबल उलटी लागली तर काढून परत लावता येते.