नाव न घेता बोलणारा नाटककार

१९०७ साली 'महाराष्ट्र नाटक मंडळी'ने 'कीचकवध' हे नाटक रंगभूमीवर आणले. महाभारतातील विराटपर्वाची ही कथा. अज्ञातवासातले पांडव, राणी सुदेष्णेची दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा सेनापती कीचक आणि अखेरीस भीमाच्या हातून होणारा त्याचा अंत. नाटकात एकही इंग्रज पात्र नाही, कोणत्याही व्हाइसरॉयचे नाव नाही, बंगालचा उल्लेख नाही. तरीही १९१० च्या जानेवारीत सरकारने या नाटकावर बंदी घातली. पुराणातल्या एका राक्षसी वृत्तीच्या सेनापतीचा वध ब्रिटिश साम्राज्याला इतका का झोंबावा? त्याचे उत्तर नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या आयुष्यातच सापडते.

खाडिलकरांचा जन्म १८७२ साली सांगलीत झाला. मराठी नाटकाला याच गावाने जन्म दिला होता. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर'चा प्रयोग येथेच केला होता. शालेय शिक्षण आटोपून खाडिलकर पुण्यास गेले आणि पदवीधर झाले. संस्कृत महाकाव्ये आणि शेक्सपिअर या दोहोंचा त्यांचा व्यासंग सारखाच गाढ होता. 'सवाई माधवरावांचा मृत्यू' या त्यांच्या पहिल्या नाटकातला माधवराव हॅम्लेटची आठवण देतो, तर केशवशास्त्री इयागोची. ओळखीच्या कथेच्या आडून दुसरी कथा सांगण्याची त्यांची हातोटी अशी प्रथमपासूनच दिसते.

याच सुमारास ते 'केसरी'त लोकमान्य टिळकांचे सहकारी झाले. तेथे त्यांना लवकरच एक धडा पाहावयास मिळाला. १८९७ साली टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्यात सरकार पक्षाने पुढे केलेल्या पुराव्यात एक कविता होती. शिवाजी महाराज जागे होऊन आपल्या राज्याची दुर्दशा पाहतात, अशी तिची कल्पना. शिवाजीच्या तोंडी घातलेला शोक हा प्रत्यक्षात विद्यमान राजवटीवरचा आरोप आहे, असा अर्थ सरकार पक्षाने लावला. टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. सूचक लेखन वाचकाला कळते, तसे ते सत्ताधाऱ्यालाही कळते, हे तरुण खाडिलकरांनी त्या वेळी पाहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी खाडिलकर काही काळ नेपाळात होते. लोकांच्या दृष्टीने तेथे कौलांचा कारखाना उभा राहत होता. मनातला हेतू मात्र शस्त्रे तयार करण्याचा होता. आपली खरी ओळख झाकून त्यांनी तेथे दिवस काढले. हा बेत तडीस गेला नाही आणि ते पुन्हा पुण्यास परतले. पुढे अज्ञातवासावर नाटक लिहिणाऱ्या या लेखकाने वेषांतराचे जिणे स्वतः अनुभवले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ते परतले तेव्हा देशातील वातावरण तापले होते. १८९९ पासून व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड कर्झनने १९०५ साली बंगालची फाळणी केली. काँग्रेसमध्ये मवाळ आणि जहाल यांच्यातील अंतर दिवसेंदिवस वाढत होते. अशा वेळी खाडिलकरांनी निवडलेला प्रसंग नेमका होता. विराटाच्या दरबारात कंकभट्ट होऊन बसलेला युधिष्ठिर संयमाचा उपदेश करतो. अंगी बळ असूनही प्रतिज्ञेने हात बांधल्यामुळे पांडवांना अपमान गिळावा लागतो. सैरंध्री राजाकडे दाद मागते, पण राजा सेनापतीपुढे दुबळा ठरतो. शेवटी ती मुदपाकखान्यात राबणाऱ्या भीमाकडे वळते. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, ही जुळणी प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावी लागली नाही.

रूपकाचे हे सामर्थ्य प्रेक्षकांच्या आधीच्या ज्ञानावर उभे असते. कीर्तनातून, पुराणातून, आजीच्या गोष्टींतून विराटपर्व घरोघरी पोहोचलेले होते. कथेचा शेवट सर्वांना ठाऊक होता. म्हणूनच पुढे काय होणार याची चिंता सोडून प्रेक्षक प्रत्येक संवादात वर्तमान शोधू शकत होते. खाडिलकरांना मूळ कथेची फारशी मोडतोड करावी लागली नाही, हे त्यांच्या निवडीचे यश. सैरंध्रीचा अपमान हा मुळातच चीड आणणारा आहे. कर्झनचे नाव कधी न ऐकलेल्या माणसालाही तो जाणवतो. जे रूपक केवळ कोडे असते, ते उत्तर सापडताच संपते. 'कीचकवध' तसे नव्हते.

सरकारची अडचणही येथेच होती. नाटककाराला दोषी ठरवायचे, तर कीचक म्हणजे आपलाच व्हाइसरॉय, असे सरकारलाच आधी म्हणावे लागणार. हे साम्य जो उघडपणे बोलून दाखवील तोच ते मान्य करणार. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली ते बोलून दाखवले. भारतातील असंतोषावरील आपल्या पुस्तकात त्याने या नाटकाची सविस्तर दखल घेतली. रंगभूमीवर एकही नाव उच्चारले जात नसताना नाट्यगृहातील प्रत्येकाला ती नावे कळतात, असा त्याच्या विवेचनाचा आशय होता. नाटककाराच्या कौशल्याला विरोधकाकडून मिळालेली ही पावतीच म्हणावी लागेल.

मात्र या शस्त्राला दुसरी धारही होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांची गोळ्या घालून हत्या केली. त्या रात्रीचे नाटक देवलांचे 'शारदा' होते. राजकारणाशी त्याचा संबंध नव्हता. पण त्यानंतर महिन्याभरातच 'कीचकवधा'वर बंदी आली. त्यासाठी १८७६ चा नाट्यप्रयोग नियंत्रणाचा कायदा हाताशी होता. प्रयोग थांबवण्यासाठी न्यायालयात रूपकाचा अर्थ सिद्ध करीत बसण्याची गरज उरली नाही. नाटककाराने अर्थ प्रेक्षकांवर सोपवला होता. सरकारने प्रेक्षकांनाच नाटकापासून तोडले.

या आघाताने खाडिलकर थांबले नाहीत. १९११ साली 'मानापमान', १९१३ साली 'विद्याहरण', १९१६ साली 'स्वयंवर' अशी त्यांची संगीत नाटके आली. बालगंधर्वांची भामिनी आणि रुक्मिणी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. 'विद्याहरणा'तही पुराणातलेच शुक्राचार्य मद्यपानाच्या अनर्थाविषयी बोलते झाले. या नाटकांकडे निव्वळ करमणूक म्हणून पाहणाऱ्यांनी १९२१ सालचा एक प्रयोग आठवावा. त्या वर्षी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. ज्या नाटकाच्या संहितेत सरकारला हरकत घेण्यासारखे काही नव्हते, तेच स्वराज्यासाठी पैसा उभा करीत होते.

टिळकांच्या निधनानंतर खाडिलकर मुंबईस आले आणि १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' हे दैनिक सुरू केले. वृत्तपत्रात पुराणाचा आडपडदा नव्हता. तेथे त्यांनी जे लिहिले ते उघड लिहिले आणि त्याची किंमतही उघडपणे मोजली. १९२९ साली राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना तुरुंगवास झाला, तेव्हा त्यांचे वय सत्तावन्नच्या घरात होते. आडून बोलणे हे त्यांच्या लेखी भित्रेपणाचे आसरास्थान नव्हते, याला याहून वेगळा पुरावा नको. रंगभूमीवर हजारो लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट मनात म्हणावयास लावायची, तर ती नाव न घेता सांगणे अधिक परिणामकारक, हे त्यांनी ओळखले होते.

१९३३ साली नागपूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. उत्तरायुष्यात त्यांचे मन अध्यात्माकडे वळले. २६ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचे निधन झाले. कर्झनची सत्ता जिने चालवली ती राजवट त्याच्या एक वर्ष आधी संपलेली होती. आज 'कीचकवध' वाचणाऱ्याला कर्झन कोण होता हे कदाचित सांगावे लागेल. कीचक कोण होता, हे मात्र महाराष्ट्रात अजूनही कोणाला सांगावे लागत नाही.