अनाथोथचे शेत

सामान्य काळातील चौथ्या रविवारी, ‘क’ वर्षी, नाझरेथच्या लोकांनी प्रभू येशूला गावाबाहेर हाकलून कड्यावर नेल्याची सुवार्ता आपण मिस्सात ऐकतो. त्या दिवशीचे पहिले वाचन असते यिर्मया संदेष्ट्याच्या पाचारणाचे. ख्रिस्तसभेने ही जोडी विचारपूर्वक जुळवली आहे. येशूच्या सुमारे सहाशे वर्षे आधी यिर्मयालाही त्याच्या गावाने असेच झिडकारले होते.

यरुशलेमच्या ईशान्येला चार-पाच किलोमीटरवर अनाथोथ हे याजकांचे गाव होते. यिर्मया तेथील हिल्कीया या याजकाचा मुलगा. इ.स.पूर्व ६२७ च्या सुमारास देवाने त्याला बोलावले, तेव्हा आपण लहान आहोत, बोलता येत नाही, असे सांगून त्याने अंग काढून घेऊ पाहिले. देवाने ते मानले नाही.

मंदिर आपल्यापाशी आहे, मग आपल्याला भय कसले, अशी लोकांची समजूत होती. विधवा, अनाथ, परके यांना नाडायचे, मूर्तींपुढे धूप जाळायचा आणि मंदिरात येऊन निर्धास्त व्हायचे. मार्ग सुधारला नाही तर हे मंदिरही उरणार नाही, असे यिर्मयाने मंदिराच्या अंगणातच सांगितले. याजकांनी त्याच्यासाठी देहदंड मागितला. अनाथोथकरांनी त्याला मारण्याचा कट केला. भाऊबंदही उलटले.

परक्याचे कडू बोल माणूस एक वेळ ऐकतो. पण ज्याला अंगाखांद्यावर खेळवले, त्याने आपले दोष दाखवले की ते सोसत नाही. शिवाय घरच्या माणसाला घरातले सारे ठाऊक असते!

यहोयाकीम राजाने त्याच्या संदेशाची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. यिर्मयाने ती बारूखकडून पुन्हा लिहून घेतली. बाबेलचे जू दोन वर्षांत मोडेल, असे गोड भाकीत करणारा हनन्या लोकांना आवडला. बाबेलला शरण जा, म्हणजे प्राण वाचतील, असे सांगणारा यिर्मया देशद्रोही ठरला. सरदारांनी त्याला चिखलाच्या टाकीत सोडले. तेथून त्याला वर काढले ते एबद-मलेख या कूशी परदेशी माणसाने. दोरांनी काखा काचू नयेत म्हणून त्याने जुन्या चिंध्याही खाली सोडल्या.

नगराला वेढा पडलेला, यिर्मया पहाऱ्यात अडकलेला. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल अनाथोथचे शेत विकायला आला. जिवावर उठलेल्या त्याच गावातले ते शेत, तेही शत्रूच्या तावडीत! तरीही देवाच्या सांगण्यावरून यिर्मयाने १७ शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांसमोर खरेदीखत केले आणि ते मातीच्या मडक्यात जपून ठेवायला लावले. या भूमीत पुन्हा घरे, शेते, द्राक्षमळे विकत घेतले जातील, याची ती खूण होती.

इ.स.पूर्व ५८७ च्या सुमारास यरुशलेम पडले. बाबेलच्या सेनाधिकाऱ्याने त्याला सोबत येण्याची मोकळीक दिली. तेथे त्याची नीट काळजी घेतली गेली असती. पण तो उरल्यासुरल्या आपल्या लोकांत राहिला. त्यांनी पुन्हा त्याचे ऐकले नाही आणि त्याला इजिप्तला नेले. पवित्र शास्त्रातील त्याची कथा तेथेच थांबते.

लोकांनी त्याला नाकारले, त्याने मात्र आपल्या लोकांना नाकारले नाही. आपल्या घरात किंवा धर्मग्रामात एखादा अप्रिय पण खरे बोलतो, तेव्हा त्याला गप्प करण्याआधी अनाथोथचे ते शेत आठवू या.